कारवानीला कोरडं खाद्य कोणतं?

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा मुधोळ, म्हणजे कारवानी जातीचा शिकारी कुत्रा, रोज सकाळी माझ्या सायकलमागं पळतो. भाकरी-ताकावर आहे, बरगड्या दिसतात. पिशवीतलं खाद्य कोणतं घेऊ? – एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच, जातच तशी. कणा आणि खुब्याची हाडं वर आली असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पिशवीवरचा रुबाबदार कुत्रा बघू नका, मागचा बारीक मजकूर वाचा : प्रथिनं 26 ते 30 टक्के, चरबी 15 ते 20, घटकांत पहिलं नाव मांसाचं. पहिलाच मका असेल तर दुकानदाराला परत द्या. पळणाऱ्याला दम चरबीच देते. भाकरी एकदम तोडू नका, आठवडाभरात हळूहळू बदला. पळून आल्या आल्या ताटली नको. अशा खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडू शकतो. तासभर जाऊ दे.