माझी भाची अंध आहे, गाते सुरेख. जिनी ओवेन्ससारखी ती ख्रिस्ती गायिका-गीतकार होऊ शकेल का?

होऊ शकेल. पण जिनीची गोष्ट सांगताना लोक मधला भाग गाळतात, तो आधी वाचा.

जिनी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनची, जन्म १९७५चा. तिसऱ्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. तिला संगीतशिक्षिका व्हायचं होतं. नॅशव्हिलच्या बेल्माँट विद्यापीठात ती त्यासाठीच शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली. पण अंध बाई वर्ग कसा सांभाळणार म्हणून शाळा कचरल्या. मग तिने स्वतःच्या गाण्यांवर भर दिला. १९९९मध्ये ख्रिस्ती गायक मायकल डब्ल्यू. स्मिथच्या रॉकेटटाउन या संगीत कंपनीने तिचा 'विदाउट कंडिशन' हा पहिला अल्बम काढला आणि २०००मध्ये तिला नवोदित कलाकाराचा डव्ह पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या ख्रिस्ती संगीताचा मानाचा पुरस्कार, मिळाला.

यावर आमच्या चर्चमधली मंडळी म्हणतात, "बघा, प्रभूची योजना! नोकरी लागली असती तर गाणी कुठून आली असती?" मला हे ऐकवत नाही. माझी ताई अंध आहे, संगीत विशारद आहे. एका शाळेत मुलाखत होती, मी सोबत गेलो होतो. खोलीत कोपऱ्यात पेटी होती, वर कापड टाकलेलं. ताईला कोणी एक ओळ गायला सांगितलं नाही. वह्या कशा तपासणार, मुलं मधूनच उठून गेली तर कळणार कसं, एवढंच विचारलं, आणि तेही माझ्याकडे बघून. ताई म्हणाली, "सर, मला विचारा ना. गाण्याच्या तासाला वह्या किती तपासायच्या असतात?" "कळवतो" म्हणाले. काही कळवलं नाही. घरी आल्यावर काका म्हणाले, "त्यात शाळेचं काय चुकलं?" हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

चुकलंच, काका. जिनी पुढे गाजली म्हणून तिला नाकारणाऱ्या शाळा शहाण्या ठरत नाहीत. अमेरिकेतली अंध कवयित्री फॅनी क्रॉसबी १८४७पासून अकरा वर्षं न्यूयॉर्कच्या अंधशाळेत शिकवत होती. त्याच काळात, १८५१मध्ये, तिचा कवितासंग्रह निघाला. पुढे तिने हजारो भक्तिगीतं लिहिली. शिकवल्याने तिचं लिहिणं आटलं नाही.

भाचीला पेटी किंवा कीबोर्ड नीट शिकवा, स्वतःची साथ स्वतःला करता आली पाहिजे. ब्रेल शिकवाच, फोनवर ऐकून गाणं पाठ होतं, पण आपली ओळ खोडून पुन्हा लिहायला ती हाताखाली लागते. "देवाने डोळे नेले म्हणून गळा दिला" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. गळा रियाजाने येतो.

एक मात्र आहे. नॅशव्हिलमध्ये ख्रिस्ती संगीताचा मोठा व्यवसाय आहे. मराठीत उपासनेत गाऊन घर चालणार नाही. म्हणून शिक्षणाची पदवीही घेऊ द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि मुलाखतीला सोबत गेलात तर खोलीबाहेर बसा, म्हणजे समितीला तिच्याशीच बोलावं लागेल.