वाचकांचे प्रश्न : महिनाभर जगणारे वादळ

प्रश्न : बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याला धडकले की इकडे नागपुरात एक-दोन दिवस आभाळ भरून येते, संत्रा बागायतदारांच्या जिवाला घोर लागतो आणि प्रकरण मिटते. मग अटलांटिकमधली काही हरिकेन तीन-चार आठवडे कशी टिकतात? ती अधिक शक्तिशाली असतात का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : वादळाच्या आयुष्याचा त्याच्या शक्तीशी संबंध थोडाच असतो, त्याला किती काळ समुद्रावर राहायला मिळते, हे अधिक महत्त्वाचे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले, की तेथून उठलेल्या बाष्पाचे उंचावर पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, तिच्यावर वादळ पोसले जाते. बंगालचा उपसागर तीन बाजूंनी जमिनीने वेढलेला असल्यामुळे तिथली वादळे बहुधा आठवड्याच्या आत किनारा गाठतात आणि विदर्भापर्यंत आलीच, तर कमी दाबाचे क्षेत्र म्हणून येतात.

आफ्रिकेच्या पश्चिमेला जन्मलेल्या वादळापुढे मात्र हजारो किलोमीटर मोकळे पाणी असते. १८९९ मध्ये ३ ऑगस्टला सुरू झालेले सॅन सिरिआको ८ तारखेला पोर्तो रिकोवरून गेले व तेथे तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. बेट लहान असल्याने वादळ मोडले नाही. नॉर्थ कॅरोलायनाला झोडपून ते पुन्हा समुद्रात शिरले, मध्यंतरी काही दिवस आपले उष्णकटिबंधीय स्वरूप, म्हणजे समुद्राच्या उष्णतेवर पोसले जाण्याचा गुण, गमावून बसले आणि ते परत मिळवून सप्टेंबरच्या आरंभी अझोर्स बेटांपर्यंत पोहोचले. मधले दिवस वगळूनही त्याचे आयुष्य सुमारे २८ दिवसांचे भरते, आणि अटलांटिकमधला हा विक्रम अजून अबाधित आहे.

मला स्वतःला २०१२ चे नादीन अधिक विलक्षण वाटते. वादळाला पुढे नेतात ते भोवतालचे वारे. तेच क्षीण पडल्यामुळे नादीन अझोर्सच्या आसपास घुटमळत राहिले. ते संपले असे समजून त्याच्याविषयीचे इशारे थांबवण्यात आले आणि दोनेक दिवसांत पुन्हा सुरू करावे लागले. तिथले पाणी फारसे उबदार नव्हते, पण वरची हवा बरीच थंड असल्याने दोहोंतील तफावत वादळाला पुरली. जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, सप्टेंबरअखेर, त्याचे वारे ताशी १५० किलोमीटरच्या घरात, म्हणजे सर्वाधिक वेगाला पोहोचले.

मात्र जगातला विक्रम हिंदी महासागराच्या नावावर आहे. ऑस्ट्रेलियाजवळ निघून मादागास्कर आणि मोझांबिकपर्यंत गेलेले २०२३ चे फ्रेडी ३६ दिवस टिकल्याचे जागतिक हवामान संघटनेने मान्य केले आहे.