शंका-समाधान: देवाचे अनुकरण नेमके कशात करायचे?

प्रश्न : देवाचे अनुकरण करा, असे इफिसकरांस पत्रात आहे. माणसाला ते कसे जमणार? वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपावरून थोरल्या भावाशी तीन वर्षे बोलणे बंद आहे. क्षमा करा, असे सगळे सांगतात. म्हणजे हिस्सा सोडून द्यायचा का?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : हिस्सा आणि क्षमा या दोन गोष्टींची गाठ तुम्ही मारली आहे, शास्त्राने नाही. ती सोडवण्याआधी वचन पाहू.

'देवाचे अनुकरण करा' हे इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे पहिलेच वाक्य. मूळ ग्रीकमध्ये ते 'म्हणून' या अर्थाच्या शब्दाने मागच्या ओळीला जोडलेले आहे. प्रेषित पौलाने हे पत्र सलग लिहिले; अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, आणि इथे ते भलत्याच जागी पडले. त्यामुळे पाचवा अध्याय घडाघडा म्हणणाऱ्याला 'म्हणून' म्हणजे कशामुळे, हा प्रश्न पडत नाही. आदल्या ओळीत (4:32) सांगितले आहे की, देवाने ख्रिस्तामध्ये तुम्हाला क्षमा केली तशी तुम्ही एकमेकांना करा. अनुकरण कशाचे, हे तिथेच ठरले. देवाच्या सामर्थ्याची किंवा न्यायासनाची नक्कल कोणी मागितलेली नाही. सूड तर रोमकरांस 12:19 प्रमाणे त्याने स्वतःकडेच राखून ठेवला आहे. आपण मात्र भावकीत उतरलो की आधी न्यायासनावरच जाऊन बसतो.

आता हिशेब. मत्तय 18 मधल्या दाखल्यातल्या चाकराला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झाले. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याला सोबतीकडून येणे होते शंभर दिनार. हे शंभर दिनार क्षुल्लक म्हणून वाचताना आपण त्यांकडे दुर्लक्ष करतो, पण सव्वातीन महिन्यांची मजुरी ही काही चिल्लर नव्हे. भावाने केलेला अन्यायही खराच असणार. क्षमा म्हणजे 'काही झालेच नाही' असे म्हणणे नाही. येणे आहे हे मान्य करून त्याचा बदला वसूल न करणे, ही क्षमा.

वाट त्याच अध्यायात, 15 ते 17 या ओळींत आहे: आधी दोघांनीच एकांतात बोलायचे, ऐकले नाही तर एक-दोन जणांना सोबत न्यायचे, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे. चुकते ते क्रमात. आपण आधी पारावर बोलतो, मग सोयऱ्यांना फोन, आणि भावाला ते शेवटी तिसऱ्याच्या तोंडून कळते. तोवर त्याला माघार घ्यायला जागाच उरत नाही. पहिल्या भेटीत सातबारा सोबत नेऊ नका. घडले काय आणि लागले काय, एवढेच बोला. 'तू नेहमीच असा' हे वाक्य तोंडात येईल, तेवढे गिळा.

जमिनीचे वेगळे. क्षमा केली म्हणून हक्कसोडपत्रावर सही केलीच पाहिजे असे नाही; स्वखुशीने सोडायचा तर सोडा, दडपणाखाली नको. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये, यावर पौल ठाम आहे (1 करिंथ 6). तेव्हा आधी मंडळीतला जाणता मध्यस्थ बघा. सगळे सहधारक राजी झाले तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. ठरलेले तोंडी ठेवू नका. निम्मी भांडणे तोंडी वाटपातूनच पुन्हा उगवतात.

प्रश्न : देवही रागावतो, मग माझा राग पाप कसा?
— एक भगिनी, जालना

उत्तर : राग येणे पाप आहे असे पौल म्हणत नाही, सूर्य मावळेपर्यंत तो ठेवू नका, म्हणतो (इफिसकरांस 4:26). देवाच्या रागाचे वर्णन निर्गम 34:6 मध्ये आहे. आपण 'मंदक्रोध' वाचतो, तो हिब्रू शब्दप्रयोग अक्षरशः 'लांब नाकाचा' असा आहे! नाक तापायला वेळ लागतो, हा भाव. नाकाच्या शेंड्यावर राग असणाऱ्यांना हे मराठीतही समजावून सांगावे लागू नये.

करायचे एवढेच: रागात फोनवर लिहिलेला मजकूर तसाच ठेवा, पाठवू नका, तासाभराने वाचा. इफिसकरांस 4:29 मध्ये वाईट बोलण्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातून फेकून दिलेल्या मासळीसाठी आला आहे. लिहिलेले तसे वास मारत असेल तर पुसून टाका. सूर्यास्ताची मर्यादा मात्र 'आजच्या आज भांडण मिटवा' अशी वाचू नका. मारहाण होत असेल तर आधी घराबाहेर पडा, तक्रार करा. रोमकरांस 13:4 प्रमाणे अधिकारीही त्यासाठीच आहेत.

प्रश्न : शत्रूसाठी प्रार्थना करताना शब्दच सुचत नाहीत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : 'प्रभू, त्याला सुधार' ही प्रार्थना नव्हे, तक्रार आहे. मत्तय 5:45 मध्ये देव सूर्य आणि पाऊस देतो, तेही चांगल्या-वाईटांना सारखेच. तेव्हा शत्रूच्या वाट्याचा पाऊस मागा: नाव घेऊन, त्याच्या मुलीची परीक्षा, त्याच्या कांद्याचा भाव. रोज दोन मिनिटे पुरेत. पहिल्या आठवड्यात शब्द कोरडेच निघतील, निघू द्या.