डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आजीला वृद्धाश्रमात शांत राहायची गोळी देतात, चालेल का?

जळगावच्या वृद्धाश्रमात आजी संध्याकाळी ओरडते म्हणून क्वेटियापिन (मानसिक आजारावरची, शांत करणारी गोळी) चालू केलं म्हणताय, तर आधी ती का ओरडते ते बघायला लावा, लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, कुठे दुखणं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर नुसतं पाणी कमी पडलं तरी म्हातारं माणूस बरळतं. तिथल्या मावशींना तिच्याशी अहिराणीत बोलायला सांगा, ओळखीची भाषा कानावर पडली की जीव थोडा शांत होतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००५ सालीच इशारा दिलाय की डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा गोळ्यांनी मृत्यूचा धोका साधारण १.६ ते १.७ पट होतो, शिवाय गुंगीत तोल जाऊन पडणं, स्ट्रोक यांचाही धोका. आजी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तरच ही गोळी, तीही कमी डोस, थोडे दिवस. पण प्लीज स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.