आजीच्या पुरात अंधार होता

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही आणि पेनड्राइव्ह दोन्ही पोचले. चार रात्री बसून सगळं ऐकलं. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, तरी सुट्टीभर तू आजीसमोर फोन ठेवून तिच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत बसलीस. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. आता कामाचं बोलतो.

वहीच्या शेवटी तू लिहिलं आहेस की प्रकल्प अपुरा राहिला. कारणं दोन: घरात १९६१ च्या पाणशेतच्या पुराआधीचा एकही फोटो मिळाला नाही, आणि आजीने सांगितलेलं 'प्रत्यक्ष इतिहासाशी जुळत नाही'. ही दोन्ही कारणं मला मान्य नाहीत.

आधी फोटोंचं. तू आजीला एकेक वस्तू विचारत गेलीस. तिच्या आईवडिलांच्या लग्नातला फोटो? पुरात गेला. पणजोबांच्या वह्या? पुरात गेल्या. देवघर? पुरात गेलं. पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांत हे उत्तर ऐकू येतं, आणि ते ऐकलं की विचारणारा गप्प बसतो. तू गप्प बसली नाहीस. "कुठे असायचं ते?" असं तू विचारलंस, आणि आजी बोलायला लागली. चौकातला हौद, जिन्याखालचा तांब्याचा बंब, माजघरातलं फडताळ, वडिलांची टोपी अडकवायची खुंटी. असा पाण्यात विरघळलेला वाडा तिने तुझ्यासमोर खोलीखोलीने उभा केला. नसलेल्या वस्तूंची ही यादी हेच तुझं संग्रहालय आहे. त्याला अपुरं म्हणू नकोस.

आजीने पेन्सिलीने काढलेला नकाशा मात्र तू शेवटच्या पानावर ढकलला आहेस आणि पुढे कॉम्प्युटरवर नीट आखलेला लावला आहेस. त्यांची जागा बदल. आजीच्या नकाशात हौद माजघरापेक्षा मोठा आहे. तू तो 'दुरुस्त' केलास. अकरा वर्षांच्या मुलीचा दिवस हौदापाशी जायचा, माजघरात तिला कामं सांगितली जायची; तिच्या लेखी हौद मोठाच होता.

आता वेळेचं. १२ जुलै १९६१ ला सकाळी आंबी नदीवरचं, अजून पुरतं बांधूनही न झालेलं पाणशेतचं धरण फुटलं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवायची शर्थ केली होती. पाणी खाली आलं, पुढे खडकवासलाही फुटलं, आणि मुठेच्या काठचं पुणं भरदिवसा बुडालं. यात वाद नाही. पण आजी ठामपणे म्हणते, "अंधार होता, कंदिलाच्या उजेडात पाणी चढताना पाहिलं." तू तिथे कंसात 'आजीची चूक' असं लिहिलं आहेस.

तो कंस खोड. त्याऐवजी तिने पुढे काय सांगितलं ते पुन्हा ऐक. पूर आला त्या रात्री ती पर्वतीकडच्या एका नातेवाइकांकडे होती, दिवे नव्हते, नळाला पाणी नव्हतं, आणि वडील सापडले की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणी दिवसा आलं, पण तिचा पूर त्या रात्री आला. वाड्याच्या मातीच्या भिंती भिजून बसल्या हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

इटलीत टेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे. तिथे १९४९ साली लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार निदर्शनांच्या वेळी पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ सालचा म्हणून सांगितला. १९५३ मध्ये कारखान्यातून हजारो कामगारांना काढलं होतं आणि रस्त्यावर लढे झाले होते. लोकांना तो मृत्यू त्या मोठ्या दुःखाशेजारी ठेवायचा होता, म्हणून मनाने साल पुढे सरकवलं. पोर्तेल्लीने साल तपासलं, खरं काय ते नोंदवलं, आणि मग ते का सरकलं याच्या मागे लागला. तूही तेच कर. खरी वेळ लिही, आजीचा अंधारही लिही, आणि दोन्ही शेजारी शेजारी राहू दे.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. माझ्या आईचं बोलणं मी कॅसेटवर घेतलं होतं. नंतर ते संगणकावर उतरवताना मी 'स्वच्छ' केलं: तिचं खोकणं, "गॅस बंद केलास का रे?" हे मधेच विचारणं, लांब थांबणं, सगळं कापलं. मूळ कॅसेटवर पुढे दुसरंच काही भरलं. आज माझ्याकडे तिने सांगितलेली माहिती आहे, पण ती स्वतः त्यात फार थोडी उरली आहे. गॅसचा तो प्रश्न ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन. तेव्हा मूळ फाइलींना हात लावू नकोस. काटछाट करायची तर प्रतीवर कर. तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोला मूळ फोटो समजू नकोस, तो बहुतेकदा लहान होऊन येतो. आता पुढे जे फोटो मिळतील त्यांच्या पाठीवर नावं मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिही. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि कुठला भाग बाहेरच्यांना ऐकवायचा नाही, हे आजीलाच विचार. धाकट्या काकांबद्दलचा भाग ऐकताना मला वाटलं की ती फक्त तुझ्याशी बोलत होती.

शेवटचं. तिसऱ्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात, तेविसाव्या मिनिटाच्या आसपास, आजी म्हणते, "फडताळात खालच्या फळीवर एक पितळेचा डबा होता." मग थांबते. बाहेर रिक्षा जाते, पंख्याचा आवाज येतो. आणि तू विचारतेस, "पाणी किती फूट चढलं होतं?" ती लगेच आकडा सांगते, आणि डबा तिथेच राहतो. पुढच्या चार तासांत तो परत येत नाही.

रविवारी आजीकडे जाशील तेव्हा प्रश्नांचा कागद नेऊ नकोस. तिचा नकाशा ने आणि फडताळ कुठे होतं तेवढं दाखवायला सांग. ती थांबली तर थांबू दे.

तुझा,
सर