पेथिडिन दिलेल्या आईचे बाळ: स्वाभाविक काय आणि औषधाचे काय?

कळांच्या वेळी आईला पेथिडिन हे अफूजन्य वेदनाशामक दिले होते, बाळ सुस्त आहे आणि त्याचे हातपाय निळसर दिसतात, तर यातले स्वाभाविक काय आणि औषधामुळे काय, असा आपला प्रश्न आहे.

प्रसूतिकक्षात नवीन असताना माझीही नजर आधी तळहातांवरच जात असे. हातापायांचा निळसरपणा पहिल्या 24 ते 48 तासांत सामान्य असतो. जीभ किंवा ओठांची आतली बाजू निळी असेल, तर मात्र क्षणभरही थांबू नये. नाकावरचे पांढरे बारीक दाणे निरुपद्रवी असतात. कमरेवरचे निळे-राखाडी डाग आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात. त्यांचीही नोंद करावी, म्हणजे पुढे कोणी त्यांना मुका मार समजणार नाही.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, हे मी विद्यार्थिनींना पुन्हा पुन्हा सांगते. नवजात बाळ मिनिटाला 30 ते 60 वेळा श्वास घेते, पण त्याची लय अनियमित असते आणि मध्येच 5 ते 10 सेकंदांचा खंड पडून श्वास आपोआप सुरू होतो, त्यामुळे 15 सेकंद मोजून चाराने गुणले की हमखास फसगत होते. खंड 20 सेकंदांचा झाला, किंवा त्याहून लहान असूनही रंग बदलला अथवा हृदयाचे ठोके मंदावले, तर तो स्वाभाविक नाही.

पेथिडिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते. इंजेक्शननंतर साधारण 2 ते 3 तासांनी जन्मलेल्या बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका विशेष असतो. शिवाय त्यापासून तयार होणारे नॉरपेथिडिन नवजाताच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, म्हणून जन्मताच चांगले रडलेले बाळही पुढचे एक-दोन दिवस झोपाळू राहून नीट चोखत नाही. अशा बाळाला उठवून, आईच्या अंगाशी धरून पाजावे लागते.

परीक्षेत बहुतेकजणी उत्तराची सुरुवात नॅलोक्सोनने, म्हणजे अफूजन्य औषधांचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाने करतात, ती चूक आहे. श्वास पुरेसा नसेल तर आधी बॅग आणि मास्कने श्वास द्यायचा. आईला अफूजन्य औषधांचे व्यसन असेल, तर नॅलोक्सोनमुळे बाळाला झटके येऊ शकतात. शिवाय त्याचा परिणाम पेथिडिनच्या आधी ओसरतो, म्हणून दिल्यानंतरही बाळावर लक्ष ठेवावे लागते.

शेवटच्या इंजेक्शनची वेळ आणि मात्रा बहुधा आईच्याच कागदावर राहते. बाळ वॉर्डात सोपवताना ती बाळाच्या कागदावर उतरवावी आणि वॉर्डातल्या सिस्टरांना तोंडीही सांगावी.