चित्रकला आणि फोटोग्राफी दोन्ही करणारा, निसर्गदृश्यांसाठी गाजलेला जुना कलाकार कोण? त्याचं पोट त्यावर भरलं का?

माझ्या मते गुस्ताव ल ग्रे. जन्म १८२०, फ्रान्स. पॅरिसमध्ये पोल दलारोश यांच्याकडे तो चित्रकला शिकला आणि मग कॅमेऱ्याच्या नादी लागला. फोंतेनब्लोच्या जंगलातली झाडं त्याने टिपली, पण खरी कमाल समुद्राची.

तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. त्यामुळे पाणी नीट यावं तर आकाश कोरं पांढरं व्हायचं, आणि ढग धरावेत तर पाणी काळंकुट्ट. यावर ल ग्रेने तोडगा काढला: काही चित्रांत आकाशाची निगेटिव्ह वेगळी, समुद्राची वेगळी, आणि क्षितिजरेषेवर दोन्ही जोडून एकच प्रिंट. हा चित्रकाराचाच डोळा! (फोटोत फेरफार म्हणजे आजकालचं फॅड, असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.) फ्रान्समधल्या सेतच्या किनाऱ्यावर त्याने १८५७ मध्ये टिपलेली मोठी लाट आजही थक्क करते.

पोटाचं म्हणाल तर, नाव झालं, पैसा टिकला नाही. धंद्यापेक्षा प्रिंटच्या दर्जात जीव अडकलेला, त्यामुळे पॅरिसमधला थाटाचा स्टुडिओ बुडाला. १८६० मध्ये तो लेखक अलेक्सांद्र द्युमा यांच्या जहाजावरून निघाला, भांडण होऊन माल्टात उतरवला गेला, आणि फिरत फिरत इजिप्तला पोचला. तिथे चित्रकला शिकवून त्याने दिवस काढले. पॅरिसला परतलाच नाही. १८८४ मध्ये कैरोत वारला.

१९९९ मध्ये त्या लाटेची एक प्रिंट लिलावात पाच लाख पौंडांवर गेली.